ट्रक धावतो, चित्र अडखळते: थेट प्रक्षेपणातील गळतीच्या प्रकल्प नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार, सांगली

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ताईकडे आलो असता भाच्याने आपले गाऱ्हाणे मांडले. तो ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा खेळ मराठीत बोलत बोलत यूट्यूबवर थेट दाखवतो आणि गेले दोन महिने प्रेक्षक ‘अडकतंय’ एवढा एकच शब्द लिहून निघून जातात. मित्रांनी सुचवलेले दहाबारा उपाय त्याने एकाच संध्याकाळी करून टाकले होते, त्यामुळे कशाने काय सुधारले आणि कशाने काय बिघडले हे त्याला स्वतःलाही सांगता येईना. म्हणून वही घातली. एका वेळी एकच बदल करायचा, आधीचा आणि नंतरचा आकडा लिहायचा, आणि आकडा नसेल तर बदल मागे घ्यायचा, एवढाच नियम ठरवला आहे. वही माझी असली तरी मी कोल्हापुरास राहत असल्याने हात बहुतेक वेळा त्याचेच चालतील.

यंत्राची माहिती अशी. प्रोसेसर रायझन ५ ३६००, म्हणजे सहा कोअर व बारा थ्रेड. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, ६ जीबीचे. रॅम १६ जीबी. मॉनिटर १०८० पी, १४४ हर्ट्झ. विंडोजसाठी २५६ जीबीचा एसएसडी आणि खेळ व रेकॉर्डिंगसाठी १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. इंटरनेट फायबरचे असून अपलोड व डाउनलोड दोन्ही ४० मेगाबिटचे आहेत. संगणक मागच्या खोलीत आणि राउटर दिवाणखान्यात असल्यामुळे जोडणी यूएसबीच्या वाय-फाय डाँगलने, २.४ गिगाहर्ट्झवर केलेली आहे. प्रक्षेपणासाठी ओबीएस स्टुडिओ ३०.२ वापरात आहे.

भाच्याचे ठाम मत की दोष इंटरनेटचा. मी त्याला फक्त एवढेच विचारले, “थेट चालू असताना शेजारी जे रेकॉर्डिंग होतं, ते बघितलंस का?” बघितले तर तेही अडखळत होते. नेटवर्कमुळे गळलेली फ्रेम, म्हणजे व्हिडिओतले एकेक स्थिर चित्र, प्रेक्षकापर्यंत पोचत नाही, परंतु आपल्या डिस्कवरच्या फाइलमध्ये ती असतेच. फाइलच अडखळत असेल तर निदान काही दोष तारेच्या अलीकडचा आहे, हे उघड झाले.

ओबीएसमधील ‘स्टॅट्स’ ही चौकट उघडून कायमची खिडकीत बसवली. तिच्यात तीन वेगळे आकडे दिसतात आणि या वहीत त्यांना तीन वेगळी नावे दिली आहेत, कारण बोलताना सगळे जण त्या तिन्हींना ‘फ्रेम ड्रॉप’ असेच म्हणतात आणि घोटाळा तेथेच सुरू होतो. पहिल्या म्हणजे हुकलेल्या फ्रेम: ओबीएसला खेळ, वेबकॅम आणि वरची पाटी एकत्र करून अंतिम चित्र त्याच ग्राफिक्स कार्डावर रचावे लागते, सेकंदाला ६० फ्रेम असतील तर प्रत्येकीला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, आणि कार्ड खेळातच गुंतले असेल तर ती वेळ चुकते. दुसऱ्या वगळलेल्या फ्रेम: चित्र वेळेत तयार झाले, पण एन्कोडरला ते दाबून बसवायला सवड मिळाली नाही. तिसऱ्या गळलेल्या फ्रेम: चित्र तयार, एन्कोड झालेले, पण सर्व्हरकडे जाणारी वाट तुंबल्यामुळे ओबीएसने नाइलाजाने टाकून दिलेले.

चाचणीचा मार्ग ठरवला: खेळातील रॉटरडॅमपासून डुइसबुर्गच्या दिशेने, एकाच साठवलेल्या स्थितीतून प्रत्येक वेळी सुरुवात, पावसाची शक्यता शून्य, कालावधी ३० मिनिटे, म्हणजे १,०८,००० फ्रेम. जुने प्रोफाइल तसेच ठेवून पहिले मोजमाप घेतले. हुकलेल्या ९,६१२, म्हणजे ८.९ टक्के, वगळलेल्या ३,३४८, म्हणजे ३.१ टक्के, गळलेल्या २,१६०, म्हणजे २ टक्के. तिन्ही दुखणी एकाच वेळी अंगावर होती.

१६ ऑक्टोबर, बुधवार, कोल्हापूर (फोनवरून)

कोजागिरी. दूध आटत असताना फोनवर काम केले. ग्राफिक्स कार्डावरचा भार कमी करायचा तर खेळाच्या फ्रेम मर्यादित कराव्यात, हा सर्वत्र सांगितला जाणारा पहिला उपाय. खेळाला ६० ची मर्यादा घातली. हुकलेल्या फ्रेम ८.९ वरून ८.६ टक्क्यांवर आल्या, म्हणजे काहीच झाले नाही. भाचा नाराज झाला. मला मात्र हा आकडा उपयोगी वाटला. कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा काय दाखवतो असे विचारल्यावर तो म्हणाला, “मामा, रॉटरडॅममध्ये बावन्न ते अठ्ठावन्न.” जो खेळ साठावर पोचतच नाही त्याला साठची मर्यादा घालून काय होणार?

१७ ऑक्टोबर, गुरुवार

कारण सापडले. खेळाच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ‘स्केलिंग’ ४०० टक्क्यांवर होते. या खेळात ४०० टक्के म्हणजे लांबी व रुंदी दोन्ही दुप्पट, म्हणजे चौपट पिक्सेल आधी रंगवायचे आणि मग ते १०८० पी मध्ये आटवायचे. कडा गुळगुळीत दिसतात हे खरे, पण कार्ड प्रत्यक्षात ४के चित्र काढत राहते. त्यात ट्रकचे आरसे. प्रत्येक आरशासाठी मागचे दृश्य पुन्हा एकदा रंगवावे लागते, आणि तेही सर्वांत वरच्या गुणवत्तेवर होते.

स्केलिंग २०० टक्क्यांवर आणले. हुकलेल्या ०.६ टक्के. आरशांना आज हात लावला नाही, कारण नियम एकाच बदलाचा आहे. येथे एक उलट चाचणी मुद्दाम केली: कालची साठची मर्यादा काढून टाकली, तर खेळ शंभराच्या वर धावू लागला, कार्डाचा भार ९८ टक्क्यांवर गेला आणि हुकलेल्या फ्रेम पुन्हा ५ टक्क्यांवर चढल्या. म्हणजे काल निरुपयोगी ठरलेला उपाय आज अत्यावश्यक ठरला. कार्डाला रिकामा वेळ मिळाला की खेळ तो गिळून टाकतो. ओबीएससाठी थोडी जागा राखून ठेवण्याचे काम ही मर्यादा करते. मर्यादा परत घातली.

वगळलेल्या फ्रेम या सगळ्यात ३ टक्क्यांच्या आसपासच राहिल्या. ते दुखणे वेगळे आहे हे यावरून पक्के झाले.

भाच्याने १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला तो काय साठ फ्रेम बघायला, असा रास्त प्रश्न विचारला. १४४ ला ६० ने भागले तर २.४ येतात, म्हणजे ओबीएस कधी दोन फ्रेम सोडून तिसरी उचलणार तर कधी एकच सोडून दुसरी, आणि एकही फ्रेम न हुकता रेकॉर्डिंगमध्ये गाडी सूक्ष्म गचके खात जाताना दिसणार. मर्यादा ठेवायची तर ६० किंवा १२० ठेवावी, ९० वा १४४ नको, असे मी सांगितले. १२० साठी स्केलिंग १०० वर आणावे लागेल. त्याने कडांचा गुळगुळीतपणा निवडला आणि साठ पत्करले. आवड त्याची आहे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

ओबीएस ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून सुरू केला. विंडोजमध्ये असे केल्यास ओबीएसला ग्राफिक्स कार्डाच्या रांगेत अग्रक्रम मागता येतो. साध्या परवानगीने सुरू केल्यास तो मिळत नाही. ०.६ वरून ०.०५ टक्के, म्हणजे ३० मिनिटांत ५४ फ्रेम. बदल कायम केला. किरकोळ गैरसोय अशी की आता फोल्डरमधले चित्र ओढून थेट ओबीएसमध्ये टाकता येत नाही, कारण साध्या परवानगीच्या खिडकीतून वरच्या परवानगीच्या खिडकीत विंडोज तसे करू देत नाही. चित्र ‘अ‍ॅड’ करूनच घ्यावे लागते.

२० ऑक्टोबर, रविवार, सांगली

आजचा विषय एन्कोडर. भाच्याच्या प्रोफाइलमध्ये एक्स२६४ हा प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर ‘मीडियम’ या प्रीसेटवर, म्हणजे वेगाच्या तयार पायरीवर, होता. ‘प्रीसेट जितका हळू तितकी क्वालिटी भारी’ असे कोणीतरी सांगितलेले. वाक्य चुकीचे नाही, पण अर्धे आहे: हळू प्रीसेट त्याच बिटरेटमध्ये (सेकंदाला जेवढे बिट पाठवायचे तेवढ्यात) जास्त तपशील बसवतो, कारण तो प्रत्येक फ्रेमवर अधिक शोधाशोध करतो, आणि ती शोधाशोध १६.६७ मिलिसेकंदांत आटोपली पाहिजे ही अट त्याला कोणी घातलेली नसते. शिवाय हा खेळ प्रोसेसरच्या एखाद-दुसऱ्या थ्रेडवरच बहुतेक भार टाकतो. टास्क मॅनेजरमध्ये सरासरी ७० टक्के दिसत असताना त्या एका कोअरची दमछाक चाललेली असते आणि सरासरीच्या आकड्यात ती दडून जाते.

एक्स२६४ ‘व्हेरीफास्ट’वर आणला तेव्हा वगळलेल्या ३ वरून ०.२ टक्क्यावर आल्या, पण शहरात खेळ स्वतःच ४५ फ्रेमवर उतरू लागला. म्हणून पुढची चाचणी एनव्हीएन्कची. हे ग्राफिक्स कार्डावरचे, फक्त एन्कोडिंगसाठीचे स्वतंत्र मंडल असते. खेळ ज्या भागावर रंगतो त्याच्याशी त्याचा थेट झगडा होत नाही, आणि टास्क मॅनेजरमध्ये ‘थ्रीडी’ व ‘व्हिडिओ एन्कोड’ असे दोन वेगळे आलेख असतात ते याचमुळे. १६६० सुपरमध्ये एनव्हिडियाच्या टुरिंग पिढीचे एनव्हीएन्क आहे. कार्ड विकत घेणाऱ्यांसाठी नोंदवून ठेवतो की मूळ जीटीएक्स १६५० हे टुरिंग कार्ड असूनही त्यातला एन्कोडर आधीच्या व्होल्टा पिढीचा आहे. दुकानात हे कोणी सांगत नाही.

एनव्हीएन्क, सीबीआर (स्थिर बिटरेट), की-फ्रेमचे (पूर्ण साठवलेल्या चित्राचे) अंतर २ सेकंद, प्रीसेट पी५. वगळलेल्या शून्य. लगेच ‘लुक-अहेड’, म्हणजे पुढच्या फ्रेम आधी पाहून बिट वाटण्याची सोय, चालू करून पाहिले, तर वगळलेल्या शून्यच राहिल्या पण हुकलेल्या ०.०५ वरून ०.४ टक्क्यांवर चढल्या. लुक-अहेड त्या स्वतंत्र मंडलावर होत नाही. ते कूडा या एनव्हिडियाच्या गणनेच्या सोयीमार्फत कार्डाच्या मुख्य गाभ्यांवर होते, म्हणजे पुन्हा खेळाच्या ताटातला घास. बंद केले.

यानंतर बराच वेळ रेझोल्यूशनच्या वादात गेला, आणि तो जावा इतका तो महत्त्वाचा होता. भाचा १०८० पी, ६० फ्रेम, ६,००० किलोबिट पाठवत होता. १०८० पी साठ फ्रेममध्ये सेकंदाला सुमारे १२.४४ कोटी पिक्सेल होतात. त्यांत साठ लाख बिट वाटले तर एका पिक्सेलच्या वाट्याला ०.०४८ बिट येतात. तेच ७२० पी साठ फ्रेम आणि ४,५०० किलोबिट घेतले तर सेकंदाला ५.५३ कोटी पिक्सेल आणि प्रत्येकी ०.०८१ बिट. समोर भिंतीआड बसून नेम धरण्याचा खेळ असता तर पहिला हिशेब कदाचित चालून गेला असता, पण महामार्गावर दोन्ही बाजूंनी झाडे, गवत आणि कठडे सतत मागे पळत असतात, आणि एन्कोडरला सर्वांत जड जाते ते हेच: प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा जवळपास सगळीच वेगळी. दोन्ही रेकॉर्डिंग ताईच्या टीव्हीवर एकामागून एक लावली. झाडांचा चिखल कोणत्या चित्रात कमी होतो हे ताईने चहा ठेवता ठेवता बरोबर ओळखले, आणि ते ७२० पी चे चित्र होते. भाच्याने हार मानली. आकार कमी करण्याचा फिल्टर लँक्झोसवरून बायक्युबिकवर आणला. पहिला ३६ नमुने वाचतो, दुसरा १६. नजरेला फरक जाणवला नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार (फोनवरून)

परतीच्या पावसात रात्री वीज गेली आणि एक तास वीस मिनिटांचे रेकॉर्डिंग उघडेनासे झाले. फाइल एमपी४ होती. साध्या एमपी४ मध्ये कोणती फ्रेम कोठे आहे याची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना, शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्याआधीच संगणक बंद पडला तर फाइलचा आकार पुरा दिसतो पण वाचता येत नाही. आजपासून रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये, म्हणजे मध्येच तुटली तरी वाचता येणाऱ्या फाइल प्रकारात, आणि संपादनाला लागेल तेव्हा ओबीएसमधूनच ‘रीमक्स’ करायचे. त्यात पुन्हा एन्कोडिंग होत नाही, फक्त डबा बदलतो. ३०.२ मध्ये हायब्रिड एमपी४ ही सोय नव्याने आली आहे, पण ती अजून बीटा अवस्थेत आहे आणि दिवाळीच्या तोंडावर नवा प्रयोग नको.

२७ ऑक्टोबर, रविवार, सांगली

तीन छोटी कामे केली.

रेकॉर्डिंग आतापर्यंत प्रक्षेपणाचाच प्रवाह डिस्कवर उतरवत होते, म्हणून तेही ४,५०० किलोबिटचेच राहत होते. ते वेगळे केले: १०८० पी, सीक्यूपी २० (बिटरेटऐवजी गुणवत्तेची पातळी ठरवणारी पद्धत). आमच्या मार्गावर याचा प्रवाह सुमारे ४० मेगाबिट भरला, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट आणि तासाला १८ जीबी. हार्ड डिस्कला हा वेग मुळीच जड नाही. तिला जड जाते ते त्याच वेळी खेळाच्या विखुरलेल्या फाइली वाचणे. आकडे बिघडले नाहीत म्हणून तूर्त तसेच ठेवले.

आवाजात अधूनमधून चरचर येत होती. ओबीएसच्या लॉगमध्ये ‘२१ मिलिसेकंद ऑडिओ बफरिंग वाढवले’ अशा ओळी एकाखाली एक सापडल्या. हा २१ चा आकडा येतो १,०२४ नमुन्यांना ४८,००० ने भागल्यावर, म्हणजे आवाजाचा एक तुकडा. विंडोजमध्ये मायक्रोफोन ४४.१ किलोहर्ट्झवर आणि ओबीएस ४८ वर होता. दोन्ही ४८ वर आणले आणि चरचर थांबली. त्या ओळी मात्र एकदोनदा अजूनही येतात. त्यांचे कारण यात नाही, पण ऐकू काही येत नसल्याने पाठलाग सोडला.

डाँगल काढला. पंधरा मीटरची कॅट ६ केबल दिवाणखान्यातून झरोक्यामार्गे मागच्या खोलीत आणली. जोडणी १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर आली, याचा अर्थ मी क्रिम्प केलेल्या टोकात एखादी तार नीट बसलेली नाही. १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. साडेचार मेगाबिट पाठवायला १०० पुष्कळ झाले, म्हणून टोक पुन्हा कापले नाही. हा आळस आहे हे मान्य. दुपारच्या चाचणीत गळलेल्या फ्रेम शून्य. तिन्ही आकडे शून्याजवळ आलेले आज प्रथमच पाहिले आणि मी सहाच्या एसटीने परतलो.

२८ ऑक्टोबर, सोमवार

रात्री साडेनऊला भाच्याचा निरोप: “मामा, परत चालू झालं.” गळलेल्या ३.८ टक्के, बाकी दोन्ही शून्य.

३० ऑक्टोबर, बुधवार (फोनवरून)

तीन दिवसांचे आकडे मांडले. दुपारी शून्य, सायंकाळी सातला शून्य, रात्री नऊ ते साडेदहा २ ते ६ टक्के, अकरानंतर पुन्हा शून्य. घरातल्या सगळ्यांचे मत झाले की इंटरनेट कंपनीवाल्याकडे रात्री गर्दी होते. मलाही तेच वाटले आणि तक्रार नोंदवायला सांगितले.

दरम्यान ओबीएसमधील ‘गर्दीनुसार बिटरेट आपोआप बदला’ ही सोय चालू करून पाहिली. गळलेल्या लगेच शून्य झाल्या. परंतु खालच्या पट्टीवरचा बिटरेट १,५०० पर्यंत उतरत होता आणि प्रेक्षकांना ट्रकऐवजी ठोकळे दिसत होते. ज्याला प्रक्षेपण तुटू नये एवढेच हवे आहे, त्याच्यासाठी ही सोय चांगली आहे. निदान चालू असताना मात्र ती घातक आहे, कारण दुखणे तसेच ठेवून ती फक्त तापमापक थंड करते. बंद केली.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज, सांगली

ओवाळून घेतले, जेवलो आणि रात्रीची वाट पाहत बसलो. दोष समोर घडताना पाहायचा होता.

पावणेनऊला प्रक्षेपण सुरू केले. दुसऱ्या खिडकीत कंपनीच्या पहिल्या टप्प्याच्या पत्त्याला सतत पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळाचे मोजमाप) लावून ठेवले: ५ ते ६ मिलिसेकंद, अगदी स्थिर. नऊ वाजता जेवणाची आवराआवर झाली. ताईने आपला फोन दिवाणखान्यातल्या बोर्डावर चार्जिंगला लावला, दाजींनी त्याच्या शेजारी आपला लावला. नऊ वाजून चार मिनिटांनी पिंग ४० वर गेले, मग १५०, मग ३८० च्या आसपास स्थिरावले, आणि गळलेल्या फ्रेमचा आकडा चढू लागला.

कारण गर्दीचे होते खरे, पण ती गर्दी घरातलीच होती. दोन्ही फोनमध्ये फोटोंचा बॅकअप ‘वाय-फाय असेल आणि चार्जिंग चालू असेल तेव्हाच’ असा लावलेला. दिवाळीचे चार दिवस रांगोळी, किल्ला, फराळ आणि नातवंडांचे व्हिडिओ भरभरून काढलेले. फोन चार्जरला लागले की सगळे एकदम वर चढू लागते आणि अकराच्या सुमारास संपते. मी दोन्ही फोनचे वाय-फाय बंद केले. दहा सेकंदांत पिंग ६ वर आले. पुन्हा चालू केले, पुन्हा ३८०. तीनदा करून पाहिले, कारण कंपनीविरुद्धची तक्रार मागे घ्यायची तर खात्री हवी होती.

४० मेगाबिटमधून साडेचार मेगाबिट जाऊ नयेत हे भाच्याला पटेना. दोन गोष्टी समजावून सांगाव्या लागल्या. एक म्हणजे राउटरमधली रांग. बाहेर जाणारी वाट भरली की राउटर पाकिटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, टाकून न देता साठवत राहतो. साठवण मोठी असेल तर प्रत्येक नव्या पाकिटाला त्या सगळ्या रांगेमागे उभे राहावे लागते. जिम गेटिस यांनी २०१० मध्ये या दोषाला ‘बफरब्लोट’ असे नाव दिले, आणि कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही रांग आवरण्याची पद्धत मांडली. दुसरी गोष्ट वाटणीची. यूट्यूबकडे जाणारा आरटीएमपी (थेट प्रक्षेपण पाठवण्याच्या पद्धतीचा) प्रवाह हे एकच टीसीपी कनेक्शन असते, तर राउटरच्या यादीत त्या क्षणी दोन फोनांची मिळून आठ अपलोड कनेक्शन दिसत होती. साधी रांग माणसे मोजत नाही, कनेक्शन मोजते. चाळिसाची ढोबळ वाटणी नऊ ठिकाणी झाली तर प्रत्येकी ४.४ मेगाबिट, आणि आपल्याला व्हिडिओचे ४.५ व वर आवाजाचे थोडे हवेत. म्हणजे वाटणी थोडक्यात कमी पडत होती, आणि थोडक्यात कमी पडणे तासभर चालले की ओबीएसचा बफर भरतोच.

तात्पुरता उपाय सोपा होता: बॅकअप रात्री बारानंतर. ताई म्हणाली, “मी बारापर्यंत जागू का तुझ्या ट्रकसाठी?” उत्तर नव्हते.

४ नोव्हेंबर, सोमवार, सांगली

रजा टाकून थांबलो. माझ्याकडचा एक जुना राउटर, ज्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली आधीच चढवलेली होती, तो कंपनीच्या पेटीमागे जोडला. कंपनीच्या पेटीचे वाय-फाय बंद केले आणि घरातली सर्व उपकरणे नव्या राउटरवर घेतली. एखादा फोन जरी जुन्या वाय-फायवर राहिला तरी त्याची रांग आपल्या ताब्याबाहेर राहते आणि सगळी मेहनत वाया जाते. भाचा याच टप्प्यावर टीव्ही विसरला होता.

एसक्यूएम ही रांग आवरण्याची सोय बसवून तिच्यातली केक ही पद्धत निवडली आणि अपलोड ३४ मेगाबिटवर बांधले, म्हणजे प्रत्यक्ष वेगाच्या ८५ टक्के. वेग मुद्दाम कमी करण्याचे कारण हे की रांग जेथे सर्वांत अरुंद जागा असते तेथे लागते. ती कंपनीच्या पेटीत लागली तर तिच्यावर आपला अधिकार नाही, म्हणून अरुंद जागा आपल्याच राउटरमध्ये तयार करायची.

पहिल्या चाचणीत दोन्ही फोनचे बॅकअप चालू असताना पिंग ३८० ऐवजी १९. भाचा उडीच मारायचा बाकी होता, पण गळलेल्या फ्रेम अजून ०.९ टक्के होत्या. हिशेब पुन्हा केला: रांग लहान झाली, पण वाटणी अजून कनेक्शनमागेच होत असेल तर ३४ भागिले ९ म्हणजे ३.८, आधीपेक्षाही कमी. केकमध्ये वाटणी आधी उपकरणामागे आणि मग कनेक्शनमागे करता येते, पण राउटर पत्ते बदलून बाहेर पाठवत असल्यामुळे रांगेला सगळी पाकिटे एकाच घराची दिसतात. आतले खरे उपकरण ओळखायला ‘नॅट’ हा पर्याय सांगावा लागतो. प्रगत पर्यायांत ‘नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट’ हे शब्द घातले. आता वाटणी तीन उपकरणांत, प्रत्येकी अकरा मेगाबिटच्या वर. ज्याला साडेचारच हवेत तो तेवढे घेतो आणि उरलेले फोनांना जाते.

रात्री नऊ ते साडेदहा, दोन्ही फोन चार्जरवर. गळलेल्या शून्य. दाजींनी तक्रार मागे घेतली.

१० नोव्हेंबर, रविवार (फोनवरून)

तीन तासांचे सलग प्रक्षेपण, ६,४८,००० फ्रेम. वगळलेल्या शून्य, गळलेल्या शून्य, हुकलेल्या ४१. त्या सर्व ४१ दोनच क्षणी आल्या. दोन्ही वेळा नव्या सदस्याचे नाव झळकवणारी हलती पाटी ब्राउझर सोर्समध्ये (ओबीएसमध्ये वेबपान दाखवणाऱ्या भागात) प्रथमच उघडत होती. पाटी साधी करावी असे सुचवले, पण भाच्याला ती फटाक्यांसकट हवी आहे. राहू दे.

एका प्रेक्षकाने तरीही ‘अडकतंय’ लिहिले. आपले तिन्ही आकडे स्वच्छ असतील तर त्या एकाचे अडकणे त्याच्या बाजूचे असू शकते, आणि ओबीएसला ते मोजता येत नाही. मात्र प्रक्षेपणाचा विलंब ‘अल्ट्रा-लो’ ठेवलेला होता. त्यात पाहणाऱ्याच्या प्लेअरजवळ पुढचे चित्र फारच थोडे साठलेले असते आणि मोबाइल डेटा क्षणभर कमी झाला तरी चाक फिरू लागते. ‘लो’वर आणला. गप्पांना उत्तर थोडे उशिरा पोचेल, तेवढे चालण्यासारखे आहे.

एक बाब शिल्लक आहे. खेळ अधूनमधून स्वतःच प्रगती साठवतो तेव्हा अर्धा सेकंद गोठतो. हे तिन्ही आकड्यांत कोठेच येत नाही, कारण गोठलेले चित्रही ओबीएस वेळेवर आणि इमानाने साठ वेळा उचलत असतो. माझा संशय हार्ड डिस्कवर आहे, कारण त्याच डिस्कवर रेकॉर्डिंगही चालते. खेळ एसएसडीवर हलवायला ६० जीबी जागा हवी आणि मोकळी आहे ३१. भाचा जुनी रेकॉर्डिंग पुसायला तयार नाही. पुढच्या रविवारी कोणती ठेवायची ते दोघांनी बसून ठरवायचे आहे, आणि केबलचे ते टोकही तेव्हाच पुन्हा कापायचे आहे.